पाठीवर पडले होते तेव्हा दिवस मोठे होते

मणक्याचा टीबी बरा होतो. हे आधीच सांगून टाकते. तुमच्यापैकी कुणी आत्ता छताकडे बघत पडलं असेल, तर त्याला बाकीचं काही वाचायच्या आधी एवढं कळायला हवं. मी बरी झाले. चालते, बसते, मशीन चालवते. भरलेली घागर उचलू नको म्हणून घरचे ओरडतात, पण त्यांची पाठ वळली की उचलतेच. गोळ्या मात्र एकही चुकवली नाही. तुम्हीही चुकवू नका. मधेच बरं वाटायला लागतं आणि माणूस म्हणतं, आता कशाला? तिथंच घात होतो.

मग हे लिहायला का बसले? बरं व्हायच्या घाईत माझं काहीतरी सांडून गेलं, म्हणून. मी पडून होते तेव्हा आमचे हे माझ्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचे. मी उठून हिंडायला लागले आणि वर्षभरात हे गेले. एवढ्या वर्षांचा संसार झाला आमचा, पण डोळे मिटून यांना आठवायला गेले की स्टुलावर बसलेलेच दिसतात. बाकीची वर्षं कुठं गेली ते देवाशप्पथ सांगता येत नाही. जे दिवस आठवतात ते तरी हातातून जाऊ नयेत, म्हणून लिहितेय.

मशीनची पाठ

माझं नाव मंदा. नेवासा तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडं आमचं गाव. मी ब्लाउज शिवते. हे जनावरांचे दलाल होते, म्हणजे बाजारात गाय-म्हैस विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून सौदा जमवून द्यायचा. घोडेगावचा बाजार मोठा, पण आजूबाजूचे लहान बाजारही हे धरायचे. त्यामुळं यांचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत आणि माझं वर्ष लग्नसराईपासून लग्नसराईपर्यंत. दोघांच्या मधे जेवण, अंघोळ आणि झोप. आमची पोरगी स्वाती कधी मोठी झाली, तिचं लग्न कधी झालं, विचाराल तर मी म्हणेन, आत्ता तर तिला शाळेत घातली होती की!

पाठ दुखायला लागली ती अशाच एका लग्नसराईत. शिवणाऱ्या बाईची पाठ दुखली तर कोण कशाला घाबरतंय? आमच्यात याला नावच आहे, मशीनची पाठ. ज्या बाईला सांगावं ती म्हणायची, "मशीनची पाठ हाय, दुसरं काय असनार?" मीही तेच म्हणत होते. बाम लावला, गरम पाण्याची पिशवी ठेवली, गल्लीतल्या एका बाईकडून तेल लावून चोळून घेतलं. चोळल्यावर दुखणं वाढलं, तर ती म्हणाली, "गाठ सुटतीय, अजून दोनदा चोळावं लागंल." नका करू असलं काही. माझ्या मणक्यात पू साठत होता आणि मी तो चोळून घेत होते.

संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. भूक गेली होती. माझाच ब्लाउज मला ढगळ होऊ लागला, तर मी दोन्हीकडून टीप मारून घेतला आणि परत कामाला लागले. सगळ्या गावाची मापं घेणारी मी, माझं माप उतरलंय हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. हे म्हणाले होते एकदा, "वाळलीस गं लई." मी म्हणलं, "एवढी सराई उरकू द्या, मग दाखवू डॉक्टरला." यांनाही दुसऱ्या दिवशी बाजार होता. हो म्हणाले.

एक दिवस सकाळी मशीनच्या पायट्यावरून माझा डावा पाय घसरला. परत ठेवला, परत घसरला. पायाला सांगतेय आणि पाय ऐकत नाही. असली भीती मी आयुष्यात कधी भोगली नव्हती.

नगरला

नगरच्या दवाखान्यात मशीनमधून फोटो काढले. डॉक्टर आमच्या स्वातीच्या वयाचा. फोटो उजेडात धरून म्हणाला, "मणक्याचा टीबी आहे."

हे म्हणाले, "पन साहेब, हिला तर खोकला न्हाई."

"हाडाचा आहे, काका. यात खोकला येतोच असं नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही, घाबरू नका. गोळ्या भरपूर दिवस घ्याव्या लागतील आणि सपाट झोपून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"महिने लागतील, मावशी."

मला काय आठवावं? नवरीचे ब्लाउज. कापून ठेवलेले, शिवायचे राहिलेले. बाई, मरणाच्या दारात बसले होते आणि डोक्यात अस्तर आणि हुक! यांनी मात्र नीट विचारलं, "पायावर उभी राहील ना ही?"

डॉक्टरनं फोटो परत उजेडात धरला. मग म्हणाला, "नसेवर दाब आहे. औषध लागू पडलं तर राहतील. प्रयत्न करू."

मला वॉर्डात नेलं. हे बाहेर जाऊन फोनवर बोलत होते, ते दारातून ऐकू आलं. "नाना, या बाजाराला मी न्हाई. पुढच्याबी न्हाई. तू बघ." नाना म्हणजे यांचा जोडीदार दलाल. मी पडल्या पडल्या ऐकलं. कारण स्वाती झाली तेव्हासुद्धा हे बाजार करून मगच दवाखान्यात आले होते. ज्या माणसानं कधी बाजार चुकवला नाही तो पुढचाही नाही म्हणतो, म्हणजे माझं काही खरं नाही, असं मी धरून चालले. सांगायला हरकत नाही, त्या दिवशी मी खूप रडले. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं. ते पुसायलाही मान वळवायची चोरी.

पॉट, टॉवेल आणि बोटं

दवाखान्यात पहिली लाज जाते. मला पॉट द्यायला वॉर्डातली बाई यायची, पण ती काही आपल्या हाकेसरशी येत नाही. एकदा यांनीच दिला. मी तोंडावर पदर घेतला. हे म्हणाले, "अगं, जलमभर म्हशीचं शेण काढलंय मी. तुझं काय एवढं?" मला राग आला आणि हसूही फुटलं, आणि हसल्यावर पाठीत अशी कळ आली की परत रडले. गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते पाहून तर मी बोंबच ठोकली होती. तुम्ही घाबरू नका, गोळीचाच रंग असतो तो.

दुखायचं खूप. पण वॉर्डात चारचौघांत नवऱ्याला "दुखतंय हो" म्हणून हाका मारणं मला जमेना. आणि आमच्या पिढीत चारचौघांत बायकोचा हात धरणं यांनाही जमेना. मग यांनी काय करावं? गळ्यातला टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याच्याखाली आपला हात घातला. जनावरांच्या बाजारात भाव असाच करतात. घेणारा आणि देणारा टॉवेलखाली हात घालून बोटं दाबतात, म्हणजे बाजूच्याला आकडा कळत नाही.

"बोलू नगंस," हे म्हणाले. "दुखनं किती हाय तेवढी बोटं धर."

मी चार बोटं धरली.

"चार? लई सांगतीस. तीनात दे."

"तीनात नाही परवडत," मी म्हणलं.

"बरं, साडेतीन. झाला सौदा." आणि एक बोट अर्धं दुमडलं.

पलीकडच्या खाटेवर हौसाआजी होती. अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची, खुब्याचं हाड मोडून आलेली. ती सगळं बघत होती. म्हणाली, "कारं बाबा, बायकूला इकतोस का इकत घेतोस?" अख्खा वॉर्ड हसला. हे इतके लाजले की चहा आणायच्या निमित्तानं पळाले ते बऱ्याच वेळानं आले. पण टॉवेल माझ्या हातावर तसाच ठेवून गेले. त्यानंतर रोज आमचा सौदा व्हायचा. दुखणं थांबत नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणाला तरी नेमकं माहीत आहे, एवढ्यानंही माणूस तग धरतो.

दुपार

सकाळ कशीतरी जायची. फरशी पुसणं, डॉक्टरांची फेरी, सुई, गोळ्या, भाताची खिचडी. दुपार मात्र जाता जात नाही. पंखा फिरतोय, वर छताला पोपडा आलाय, त्याचा आकार कधी कोंबडीसारखा दिसतोय, कधी नाही. वाटायचं, चार वाजले असतील. विचारावं तर अजून दोनसुद्धा नाहीत.

मी हौसाआजीला म्हणलं, "आजी, घरी होते तर दिवस कधी उगवला आणि कधी मावळला कळायचं नाही. आणि इथं हा मेला सरकतच नाही."

आजी म्हणाली, "ल्हानपनी असाच व्हता की गं बाय दिस. गुरामागं जायचो तर सांज व्हईस्तवर दुनिया हिंडून यायची. मोठी झाले, नांदाया आले, मंग जे पळाया लागला ते आता इथं आडवी झाल्यावर थांबला." मग म्हणाली, "येळ पळत न्हाई गं. आपुनच त्याच्याकडं बघत न्हाई."

आजीच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता. मी यांच्याकडं वळले. वळले म्हणजे डोळे वळवले. "काहीतरी बोला की," म्हणलं.

"काय बोलू?"

खरंच, काय बोलणार? आमचं घरातलं बोलणं म्हणजे पाणी तापलं का, वाढ जेवायला, किल्ली कुठं ठेवली. हे मुळात अबोल. बाजारात म्हणे तोंडाळ होते, पण ते तोंड घरी यायच्या आधीच दमून जायचं. मी म्हणलं, "बाजारातलं सांगा. एवढी वर्षं जाताय, मला कधी सांगितलंय का काही?"

यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर स्टूल जवळ ओढलं आणि सांगितलं. एक आंधळा शेतकरी बाजारात यायचा. जनावराच्या शिंगावरून हात फिरवायचा, तोंडाचा वास घ्यायचा आणि कानाला कान लावून उभा राहायचा. मग सांगायचा, ही गाय रडकी आहे, ही मारकी आहे, ही दुसऱ्याच्या दारात टिकायची नाही. एकदा एका गाईच्या कानाला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, हिला परत न्या, हिला हिच्या घरच्या पोरीची आठवण येतेय. आणि तो गाईचा मालक तिथंच खाली बसून रडायला लागला, कारण पोरगी नुकतीच सासरी गेली होती.

"मग? विकली का गाय?" मी विचारलं.

"न्हाई इकली. घिऊन गेला माघारी."

हौसाआजी पदरानं डोळे पुसत होती. मी विचार करत पडले. हा माणूस रोज माझ्या हातचं जेवला आणि एवढं मोठं काही पाहून आला, तरी मला कधी बोलला नाही!

मग रोज दुपारी एक गोष्ट व्हायला लागली. वाटणीत भावांनी बैलांची जोडी फोडून विकली आणि बैलांनी दोन्हीकडं चारा सोडला, ती. म्हैस घ्यायला आलेला माणूस म्हशीऐवजी सोयरीक जुळवून गेला, ती. कसायाच्या हातून गाय सोडवणाऱ्या विधवेची. कधी हसवायचे, कधी रडवायचे. गोळ्या द्यायला आलेली नर्ससुद्धा थांबायची. "काका, पुढं काय झालं?" हे म्हणायचे, "उद्या."

आणि मी काय करत होते? तेच तर सांगायचंय. गोष्ट आवडायची, नाही असं नाही. पण मनात सारखं एकच, हा दिवस एकदाचा सरू दे. एक दुपार गेली, एक कमी झाली. गोष्ट रंगात आली की मी म्हणायचे, "आवरा आता, मला डोळा लागतोय. झोपले की तेवढाच वेळ जाईल." हे लगेच थांबायचे. स्टूल मागं घ्यायचे.

स्वातीचं गणित

दवाखान्यातून घरी आणलं तरी झोपणं संपलं नाही. पुढच्या खोलीत फळीवर गादी टाकली. इथं आमच्या जाऊबाईंची कथा सुरू झाली. त्यांनी माझा चहाचा कप वेगळा काढला. डॉक्टरांनी लाख सांगितलं असेल, पण टीबी हा शब्दच असा आहे. शेजारणी दारातूनच "बरी हायेस का" विचारून जायच्या. शिवायला कापड टाकलेल्या बायका कापड परत घेऊन गेल्या. मला कपाचं जास्त लागलं. हे काही बोलले नाहीत, फक्त माझ्या कपात उरलेला चहा जाऊबाईंसमोर पिऊन टाकायला लागले. भांडण न करता यांनी ते संपवलं.

स्वाती सुट्टी काढून पुण्याहून यायची. तिला मी म्हणलं, "का गं, वय झालं की दिवस एवढे का पळतात? आणि आता पडले तर का थांबले?"

ती शिकलेली. म्हणाली, "आई, पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा. तुला एक वर्ष म्हणजे चिमूटभर. म्हणून तसं वाटतं."

"मग दवाखान्यातली एक दुपार वर्षाएवढी कशी होती? तेव्हा काय मी पाच वर्षांची झाले होते?"

स्वाती हसली. "बरोबर आहे. मग असं असेल की रोज तेच केलं की मन ते साठवतच नाही. शंभर ब्लाउज शिवले तरी आठवतो एकच."

हे कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "बाजाराचंबी तसंच हाय." एवढंच. आणि उठून बाहेर गेले.

मी स्वातीला म्हणलं, "यांचं नाही हं तसं. यांना तर एकेक बाजार पाठ आहे. ऐकलंस ना?" तिलाही नवल वाटलं होतं. तिला लहानपणी बापानं कधी गोष्ट सांगितल्याचं आठवत नव्हतं. ती म्हणाली, "मला का नाही सांगितल्या त्यांनी?" मी विषय बदलला.

उठले

डॉक्टरांनी बसायला परवानगी दिली तो दिवस मी विसरणार नाही. कमरेला चिलखतासारखा पट्टा, यांचा एक हात काखेत, स्वातीचा एक. बसले तर जग गरगरलं. मग काही आठवड्यांनी उभी राहिले. पाय थरथरत होते, पण माझे होते. हे एवढे खूश झाले की भर दुपारी गावात पेढे वाटून आले. हौसाआजीला फोन लावला. ती ओरडून बोलायची, फोन कानापासून लांब धरावा लागायचा. "आता भंडारदऱ्याला या दोघं! माझं घर बघा, पानी बघा!" जायचंच ठरवलं. हे म्हणाले, "या बाजारानंतर जाऊ."

आणि बघा, काय गंमत असते. मी मशीनवर बसले. आधी जरा वेळ, मग अर्धा दिवस, मग पूर्वीसारखं. गेलेली गिऱ्हाइकं परत आली, मला कोण आनंद झाला! हे बाजाराला जायला लागले. निघताना शीळ घालत निघाले. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. संकट गेलं, आता पूर्वीसारखं झालं. खरंच पूर्वीसारखं झालं. दिवाळी आली तशी गेली. संक्रांत झाली. भंडारदरा या बाजारानंतर, त्या सराईनंतर. हौसाआजीनं विचारायचं सोडून दिलं. दुपारची गोष्ट कधी बंद पडली, शेवटची कुठली होती, कुणाच्या लक्षातही आलं नाही. बरं होणं म्हणजे परत कशाकडंही न बघता धावायला लागणं, असंच आम्ही समजलो होतो.

म्हातारी आणि शेळी

एका दुपारी बाजार नव्हता, हे घरी होते. मी हुक लावत बसले होते. हे येऊन मशीनशेजारी पाटावर बसले. आपणहून. म्हणाले, "तुला ती शेळीवाली म्हातारी सांगितली का गं?"

"नाही."

"एक म्हातारी हुती. दर बाजाराला शेळी घिऊन यायची. बाभळीखाली बसायची. कुनी भाव इचारला की आसा सांगायची की त्यात म्हैस यावी. लोकं हसून फुडं जायची. सांजच्याला शेळी घिऊन घरला. फुडच्या बाजाराला परत हजर."

"येडी होती का?"

"मलाबी तसंच वाटलं. मंग एक डाव मी तिच्यापाशी बसलो. म्हनलं, आजी, इकायची न्हाई तर आनतीस कशाला? तर ती काय म्हनली म्हाइती का..."

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. नवरीची आई, माप चुकलंय म्हणून तावातावानं आलेली. मी यांच्याकडं पाहिलं. हे हसले. म्हणाले, "बघ तू तुझं. उरल्यालं संध्याकाळी सांगतो." आणि बाहेर खाटेवर जाऊन आडवे झाले.

त्या बाईचं समाधान करून, चहा घेऊन मी बाहेर गेले. हे झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. चहा हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक.

बाजार

दहावा, तेरावा झाला. लोक आले, गेले. मला दुःख होतं ते होतंच, पण त्याच्या आत एक खुळ्यासारखी टोचणी होती. म्हातारी काय म्हणाली? हे मी कुणाला सांगू? लोक म्हणतील, नवरा गेला आणि हिला शेळीचं पडलंय. पण मला वाटायचं, ते एक उत्तर कळलं तर यांची ती संध्याकाळ मला मिळेल. यांनी मला देऊ केलेली, आणि राहून गेलेली.

शेवटी मी नानांना म्हणलं, मला घोडेगावच्या बाजाराला न्या. एवढ्या वर्षांत मी तो बाजार रस्त्यावरून, एसटीच्या खिडकीतूनच पाहिला होता. नानांनी आढेवेढे घेतले, मग नेलं.

धूळ, हंबरणं, टेम्पो, दावणीला गाई. माणसं टॉवेलखाली हात घालून उभी. यांच्या ओळखीची माणसं येऊन हात जोडत होती. मी नानांना विचारलं, "ती शेळीवाली म्हातारी कुठं बसायची?"

"कंची म्हातारी?"

"बाभळीखाली. दर बाजाराला यायची, शेळी विकायची नाही."

नानांनी आठवून पाहिलं. दुसऱ्या एका दलालाला विचारलं. त्यानं मान हलवली. "आसं कुनी न्हवतं, वहिनी."

"मग तो आंधळा शेतकरी? गाईच्या कानाला कान लावणारा?"

नाना माझ्याकडं बघतच राहिले. मी एकेक सांगत गेले. बैलांची जोडी, सोयरीक, गाय सोडवणारी विधवा. नाना नुसते मान हलवत होते. मग म्हणाले, "वहिनी, आमी इथं गाय बघतो, दात बघतो, भाव करतो आन फुडच्या गाईकडं पळतो. आपला बबन तर चहासुदिक उभ्यानं प्यायचा. त्याला कुठं येळ हुता म्हाताऱ्यांपाशी बसायला?" मग टॉवेलनं तोंड पुसलं. "तुमी दवाखान्यात हुता तवा मला रोज सकाळी फोन करायचा. म्हनायचा, नाना, बाजारात काय झालं आसंल तर सांग. कायतरी आठव. मी म्हनायचो, काय व्हनार लेका? गाई आल्या, गाई गेल्या. सगळे बाजार सारखेच. मंग म्हनायचा, बरं, बघतो मी कायतरी."

मी तिथंच एका गव्हाणीच्या कडेला बसले. नानांनी पाणी आणलं, ते घेतलं नाही.

म्हणजे यांच्याकडंही काही नव्हतं. माझ्यासारखंच, सगळी वर्षं एका बाजारात गोळा झालेली. मग हा अबोल माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून रोज सकाळी माझ्यासाठी एक दुपार तयार करत होता. जे त्यानं कधी पाहिलं नाही ते माझ्यासाठी पाहून येत होता. आणि मी पडल्या पडल्या म्हणत होते, आवरा आता, तेवढाच वेळ जाईल.

म्हातारी काय म्हणाली ते आता कुणालाच माहीत नाही. यांनाही कदाचित माहीत नसेल. संध्याकाळपर्यंत सुचलं असतं.